परवाना आहे, तयारी आहे का? रुग्णालयांच्या आपत्ती-सज्जतेचा आढावा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळं होती. सात वाचली, दहा दगावली. त्यांतली बहुतेक धुराने गुदमरून गेली, असं सरकारने तेव्हा सांगितलं. राज्य हादरलं. सगळ्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. मार्चअखेरीस भांडुपला मॉलच्या इमारतीत चालणारं कोविड रुग्णालय आगीच्या आणि धुराच्या विळख्यात सापडलं. २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली आणि पुरवठ्याचा दाब कोसळून २२ रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. त्याच दिवशी १३ जणांचा बळी गेला. त्यानंतर आठवडाभरात मुंब्र्यात पुन्हा आग. आणि ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या आगीत ११ रुग्ण मृत्युमुखी पडले.

एका वर्षात, एका राज्यात इतकं घडलं. यांतली काही रुग्णालयं सरकारी होती, काही खासगी. काही जुन्या इमारतींत, काही नव्याने उभारलेल्या विभागांत. प्रत्येक घटनेनंतर चौकशी समिती, मदतीची घोषणा, निलंबन आणि गुन्हे हा क्रम पार पडला. पण त्या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तसाच राहिला. रुग्णालय चालवण्याची परवानगी देताना आपण आपत्तीच्या तयारीबद्दल नेमकं काय मागतो, आणि मागितलेलं खरोखर आहे की नाही हे कसं तपासतो? या लेखात कायदे, मागच्या दुर्घटनांचे धडे आणि इतर देशांचा अनुभव एकत्र ठेवून त्याचं उत्तर शोधायचं आहे.

पळू न शकणारी माणसं

शाळा, कार्यालय किंवा नाट्यगृहाला आग लागली तर नियम एकच: बाहेर पडा. रुग्णालयात तो चालत नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, शस्त्रक्रियेच्या टेबलावर भुलीखाली असलेला रुग्ण, इन्क्युबेटरमधलं दीड किलोचं बाळ, पायाला वजन लावून झोपवलेले आजोबा, यांतलं कुणीही स्वतःहून उठून चालणार नाही. एका अतिदक्षता रुग्णाला हलवायला किमान तीन-चार माणसं लागतात. एक जण हाताने श्वासाची पिशवी दाबणार, एक सिलिंडर सांभाळणार, बाकीचे उचलणार. रात्रपाळीला मात्र अख्ख्या विभागात मोजून तेवढीच माणसं असतात.

म्हणून रुग्णालयाच्या सुरक्षेचा विचार वेगळ्या पायावर उभा आहे. रुग्णाला थेट रस्त्यावर न नेता त्याच मजल्यावर, आग आणि धूर अडवणाऱ्या दारापलीकडच्या सुरक्षित भागात सरकवायचं. जिना हा त्यानंतरचा मार्ग. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत रुग्णालयासाठी मजल्याचे असे विभाग पाडण्याची कल्पना आहे. खाट वळेल एवढा रुंद मार्ग, स्ट्रेचर उतरेल एवढा रुंद जिना, ठरावीक अंतरात सापडणारी बाहेर पडण्याची वाट हेही तिच्यात आहे. कागदावर हे सगळं नेटकं दिसतं. प्रत्यक्षात धूर अडवणारं दार येण्याजाण्याला सोयीचं जावं म्हणून वीट लावून उघडं ठेवलेलं असतं. मार्गिकेत जादा खाटा, रिकामे सिलिंडर आणि नातेवाइकांची बोचकी असतात. मागचा जिना औषधांच्या खोक्यांनी भरलेला असतो आणि त्याच्या दाराला चोरीच्या भीतीने कुलूप असतं. आराखडा मंजूर झाला त्या दिवशीची इमारत आणि आजची इमारत एकच असेल याची खात्री कुणालाच देता येत नाही.

त्यात रुग्णालयाचा स्वतःचा धोका मिसळतो. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. बंद खोलीत तो थोडासा जरी वाढला, तरी एरवी धुमसून विझणारी ठिणगी भडकते. नाकावाटे जोराने ऑक्सिजन देणारं यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू सोडू शकतं. अशी यंत्रं एका खोलीत ओळीने चालू असतील, खिडक्या वातानुकूलनासाठी बंद असतील आणि दिवसरात्र चालणाऱ्या वॉर्मर, पंप, मॉनिटर, एसी यांचा भार जुन्या वायरिंगवर असेल, तर आगीला लागणारं सगळं एकाच ठिकाणी जमतं. कोविडच्या काळात साध्या वॉर्डांचे रातोरात अतिदक्षता विभाग झाले. वीज, हवा आणि माणसं मात्र साध्या वॉर्डाच्या हिशेबाचीच राहिली.

कायद्यांचं विखुरलेलं जाळं

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयाची नोंदणी होते ती १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली. नोंदणी तीन वर्षांसाठी असते, मग नूतनीकरण. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग हे काम पाहतो. या कायद्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी सुधारणा झाली. त्या चर्चेचा सगळा झोत रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक आणि तक्रार निवारण यांवर होता, आणि ते आवश्यकही होतं. पण हा कायदा मुळात खासगी रुग्णालयांसाठी आहे. सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं त्याच्या नोंदणीच्या चौकटीत येत नाहीत. भंडारा, नाशिक आणि अहमदनगर या तिन्ही ठिकाणची रुग्णालयं सार्वजनिक होती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. २०२१ मधले काही सर्वांत मोठे आघात जिथे झाले, तिथे तीन वर्षांनी दार ठोठावणारा नोंदणी अधिकारीच नव्हता.

केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा सरकारी आणि खासगी दोहोंना लागू होतो. त्याच्या कक्षेबाहेर आहेत ती सैन्यदलांची रुग्णालयं. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राज्याचा स्वतःचा तसा व्यापक कायदा करण्याची चर्चा अनेक वर्षं झाली, मसुदे झाले, पण कायदा झाला नाही.

आगीसाठी स्वतंत्र कायदा आहे: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो सरकारी इमारतींनाही लागू होतो. आगप्रतिबंधक यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी त्यात मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. तरतूद चांगली आहे. तिच्यात एक उणीव आहे. प्रमाणपत्र देणारी एजन्सी रुग्णालय स्वतः निवडतं आणि तिचे पैसेही तेच देतं. शिवाय ते प्रमाणपत्र पंप, नळ, स्प्रिंकलर, सिलिंडर यांच्याबद्दल बोलतं. तो सिलिंडर रात्रपाळीच्या मावशींना चालवता येतो का, हे त्यात कुठेच नसतं.

बाकीचे धागे आणखी वेगवेगळ्या हातांत आहेत. द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीसाठी केंद्राच्या स्फोटकविषयक यंत्रणेची परवानगी लागते. विजेची तपासणी विद्युत निरीक्षकांकडे. लिफ्टचं वेगळं. एक्स-रे आणि सीटी स्कॅनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ. यांतला प्रत्येक अधिकारी आपापला तुकडा पाहतो. पहाटे तीन वाजता तळघरात पाणी शिरलं, वीज गेली, लिफ्ट अडकली आणि ऑक्सिजनचा दाब उतरू लागला, तर या सगळ्याचा मिळून काय परिणाम होईल, हा प्रश्न कुणाच्याच अर्जात नसतो.

तो प्रश्न विचारणारी कागदपत्रं देशात आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००७ मध्ये सामूहिक जीवितहानीच्या वैद्यकीय व्यवस्थापनाची आणि २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शिका काढली. प्रत्येक रुग्णालयाची आपत्ती समिती, लेखी आराखडा, नेमून दिलेल्या जबाबदाऱ्या, नियमित सराव, इमारतीच्या सांगाड्याची आणि आतल्या वस्तूंची सुरक्षा, हे सगळं त्यांत सविस्तर आहे. एनएबीएच मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना आग आणि इतर आणीबाणीचे सराव करावे लागतात. मात्र मार्गदर्शिका म्हणजे शिफारस आणि मानांकन म्हणजे ऐच्छिक निवड. ज्या गल्लीतल्या नर्सिंग होमला आणि ज्या उपजिल्हा रुग्णालयाला याची सर्वाधिक गरज आहे, तिथपर्यंत दोन्ही पोचत नाहीत.

आगीने शिकवलेलं

९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्याच्या ढाकुरिया भागातलं आमरी रुग्णालय पेटलं. वाहनतळासाठी असलेल्या तळघरात ज्वलनशील सामान साठवलेलं होतं. आग तिथे लागली, पण माणसं मेली वरच्या मजल्यांवर. धूर वर चढत गेला आणि काचांनी बंद केलेल्या इमारतीतून त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. नव्वदच्या आसपास बळी गेले, बहुतेक गुदमरून. शेजारच्या वस्तीतले तरुण धूर पाहून मदतीला धावले आणि त्यांना सुरुवातीला गेटवरून परत पाठवण्यात आलं, असं तेव्हा नोंदलं गेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये भुवनेश्वरच्या एका मोठ्या रुग्णालयात, डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयात, ऑगस्ट २०२० मध्ये अहमदाबादला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये राजकोटला तेच घडलं. राजकोटनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. १८ डिसेंबर २०२० च्या आदेशात प्रत्येक कोविड रुग्णालयासाठी अग्निसुरक्षेचा जबाबदार अधिकारी नेमायला आणि जिल्हा समितीमार्फत महिन्यातून किमान एकदा तपासणी करायला सांगितलं. भंडाऱ्याची आग त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या नवजात कक्षाने देशाला पुन्हा त्याच जागी आणून उभं केलं.

या घटना शेजारी ठेवल्या की काही गोष्टी स्पष्ट दिसतात. आगीचं मूळ बहुतेकदा विजेत असतं, मारेकरी बहुतेकदा धूर असतो, वेळ बहुतेकदा रात्रीची असते आणि पहिली काही मिनिटं निर्णायक असतात. अग्निशमन दल कितीही तत्पर असलं तरी त्या मिनिटांत वॉर्डात असतात ते सिस्टर, वॉर्डबॉय, ड्युटीवरचा तरुण डॉक्टर आणि नातेवाईक. त्यांनी करायच्या गोष्टी चारच आहेत: धोक्यातल्या रुग्णाला बाजूला घेणं, सगळ्यांना सावध करणं, दारं बंद करून धूर कोंडणं आणि शक्य असेल तरच आग विझवणं. याच्या जोडीला ऑक्सिजनचा त्या विभागापुरता व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे आधी ठरलेलं हवं. आग असताना तो चालू ठेवणं घातक आणि विचार न करता बंद करणंही घातक. असा निर्णय धुरात उभं राहून पहिल्यांदा घेता येत नाही. तो आधी सरावात घेतलेला असावा लागतो.

भंडारा आणि अहमदनगर, दोन्ही ठिकाणी पुढे परिचारिकांवर कारवाई झाली. कर्तव्यात कसूर असेल तर चौकशी व्हायलाच हवी. पण ज्या परिचारिकेला कधी सराव दिला नाही, जिच्या विभागात धुराची सूचना देणारं यंत्र आहे की नाही हे तिने ठरवलेलं नाही, तिच्यावर सगळा भार टाकून व्यवस्था मोकळी होत असेल, तर पुढची आग टळत नाही. आराखडा लेखी असण्याचं एक मोठं कारण हेच आहे. त्यावर सही करणारा प्रमुख उत्तरदायी ठरतो.

पाणी, वीज आणि हादरे

आपल्याकडे रुग्णालयाची सुरक्षा म्हटलं की चर्चा आगीपाशी थांबते. नाशिकने दाखवलं की ठिणगीही न पडता माणसं जाऊ शकतात. मध्यवर्ती ऑक्सिजन पुरवठ्यावर रुग्ण असतील तर दुसरी, स्वतंत्र, आपोआप सुरू होणारी सिलिंडरांची रांग हवी. प्रत्येक विभागात दाब उतरल्याचा इशारा देणारा भोंगा हवा. खाटेजवळ काही वेळ पुरेल एवढा सुटा साठा हवा. आणि हे जोडणारा तंत्रज्ञ तिन्ही पाळ्यांत हजर हवा.

डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरात अड्यार नदीकाठच्या एका नामांकित खासगी रुग्णालयाची वीजव्यवस्था पाण्यात गेली आणि अतिदक्षता विभागातले १८ रुग्ण दगावले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या एका कोविड रुग्णालयात आठ रुग्णांचा अंत झाला. अमेरिकेत २००५ मध्ये कतरीना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल रुग्णालयात वीज गेली, तापमान चढत गेलं, सुटका दिवसेंदिवस लांबली आणि अखेर तिथून ४५ मृतदेह काढले गेले. तिन्ही ठिकाणांचा संदेश एकच आहे. जनरेटर असणं पुरेसं नाही. जनरेटर, त्याचं पॅनेल, डिझेलची टाकी आणि ऑक्सिजनचा कक्ष पुराच्या रेषेच्या वर असावा लागतो. सांगली, कोल्हापूर, महाड, चिपळूण या शहरांनी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर येतं हे पाहिलेलं आहे. पूररेषेचे नकाशे आहेत. तरीही खालच्या मजल्याचा सर्वांत स्वस्त कोपरा जनरेटरला आणि तळघर औषधसाठ्याला देण्याची सवय सुटलेली नाही.

भूकंपाचं तसंच. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राने सोसलेला आहे. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत रुग्णालयांच्या इमारती कोसळून शेकडो रुग्ण आणि कर्मचारी गाडले गेले. शहराला खाटांची सर्वाधिक गरज असताना खाटाच नाहीशा झाल्या. २६ जानेवारी २००१ ला भुजचं जिल्हा रुग्णालय कोसळलं. त्याच्या जागी उभारलेली नवी इमारत रबर आणि शिशाच्या आधारांवर तोलली आहे, त्यामुळे जमिनीचा हादरा वरच्या मजल्यांपर्यंत पूर्ण जोराने पोचत नाही. प्रत्येक गावाला असं बांधकाम परवडणार नाही. पण औषधांची कपाटं भिंतीला बोल्टने पक्की करणं, ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधणं आणि गच्चीवरच्या टाक्यांचे पाये तपासणं कुणालाही परवडतं. सांगाडा उभा राहूनही आतली कपाटं, नळ आणि छताचे पत्रे पडल्याने रुग्णालय बंद पडतं, हे जगभरात वारंवार दिसलं आहे.

आपत्ती दारात येते तेव्हा

रुग्णालय स्वतः आपत्तीत सापडतं तसंच बाहेरची आपत्तीही त्याच्याच दारात येऊन उभी राहते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि शेकडो जखमी पश्चिम उपनगरांतल्या आणि शहरातल्या रुग्णालयांत टॅक्सी, टेम्पो, मिळेल त्या वाहनाने पोचले. अशा वेळी पहिलं काम असतं निवड करण्याचं. कुणाला आत्ता हात लावला तर तो वाचेल, कुणाला तासभर थांबवता येईल, कुणाला मलमपट्टीवर पाठवता येईल, हे रंगीत पट्ट्यांनी ठरवायचं. ज्या रुग्णालयाने याचा सराव केलेला असतो, तिथे वरिष्ठ सर्जन दारात उभा राहून निवड करतो. जिथे नसतो, तिथे मोठ्याने ओरडणारा आधी आत जातो आणि शांत पडलेला, आतून रक्तस्राव होणारा, मागे राहतो.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. केईएम रुग्णालयात मृतांच्या कपाळावर क्रमांक लिहून त्यांची छायाचित्रं फलकावर लावली गेली. त्यावर तीव्र टीका झाली. शोधत आलेल्या नातेवाइकांना प्रत्येक मृतदेह पाहायला लागू नये आणि ओळख लवकर पटावी, असा त्यामागचा हेतू रुग्णालयाने सांगितला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा निर्णय गर्दी लोटलेली असताना घ्यायचा नसतो. ओळख कशी पटवायची, नातेवाइकांसाठी जागा कुठे, माहिती कोण देणार, पत्रकारांशी कोण बोलणार, हे आराखड्याचे आवश्यक भाग आहेत.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी कामा रुग्णालयात शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारं बंद करून गरोदर स्त्रियांना आतल्या लहान खोलीत हलवलं आणि त्यांचे जीव वाचवले. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण व्यवस्था एखाद्या परिचारिकेच्या असामान्य धैर्यावर विसंबून उभी करायची नसते. सामान्य धैर्याच्या माणसालाही योग्य तेच करता यावं, यासाठीच आराखडा असतो.

दुसऱ्यांनी काय केलं

अमेरिकेने कतरीनानंतर अकरा वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, एक नियम जाहीर केला. सरकारी आरोग्य योजनेचे पैसे हवे असतील तर मोठ्या रुग्णालयापासून डायलिसिस केंद्रापर्यंत सतरा प्रकारच्या संस्थांनी आपत्तीची तयारी दाखवलीच पाहिजे. त्यात चार गोष्टी मागितल्या आहेत. एक, आपल्या जागेच्या धोक्यांचा अभ्यास आणि त्यावर बेतलेला आराखडा. दोन, स्थलांतर, आतच थांबणं, अन्नपाणी, वीज, रुग्णांचा माग आणि त्यांचे कागद यांबद्दलची लेखी कार्यपद्धती. तीन, कर्मचारी, शेजारची रुग्णालयं आणि प्रशासन यांच्याशी संपर्काची व्यवस्था. चार, प्रशिक्षण आणि सराव. त्यातही शक्य तिथे साऱ्या परिसराला सोबत घेऊन केलेला. या नियमाचं बळ त्याच्या भाषेपेक्षा त्याच्या जोडणीत आहे. तयारी नसेल तर पैसे थांबतात.

नियम जाहीर झाल्यानंतरही माणसं गेली. २०१७ च्या इर्मा वादळात फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमाचं वातानुकूलन बंद पडलं आणि उकाड्याने बारा वृद्ध दगावले. रस्त्यापलीकडे वीज सुरू असलेलं मोठं रुग्णालय होतं. त्यानंतर राज्याने अशा संस्थांना ९६ तास तापमान राखू शकेल एवढी पर्यायी वीज ठेवणं सक्तीचं केलं. मागणी अशी मोजता येणारी असली की तपासता येते. ‘पुरेशी व्यवस्था असावी’ या वाक्याची तपासणी करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अमेरिका खंडांसाठीच्या शाखेने २००८ मध्ये रुग्णालय सुरक्षा निर्देशांक पुढे आणला. इमारतीचा सांगाडा, आतल्या यंत्रणा आणि आणीबाणीचं व्यवस्थापन यांना तपासनीसांचं पथक गुण देतं आणि आपत्तीनंतर रुग्णालय चालू राहण्याची शक्यता काढली जाते. उत्तीर्ण-नापास असा शिक्का न मारता कुठे आधी पैसा लावायचा हे त्यातून कळतं. कमी पैशांत काम करणाऱ्या सार्वजनिक व्यवस्थेला ही पद्धत आपलीशी वाटावी अशी आहे.

लहान रुग्णालयांचं म्हणणं

लहान नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरांची तक्रार रास्त आहे. महाराष्ट्रातली कित्येक प्रसूतिगृहं आणि दहा-पंधरा खाटांची रुग्णालयं निवासी इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहेत. जिना रुंद करणं त्यांच्या हातात नाही, कारण जिना सोसायटीचा असतो. नव्या इमारतींचे निकष जसेच्या तसे लावले तर तालुक्याच्या गावातली रात्री दार उघडणारी एकमेव जागा बंद होईल आणि बाळंतीण रिक्षात पुढच्या शहराकडे निघेल. तीही आपत्तीच. शिवाय एकेका दाखल्यासाठी वेगळ्या खिडकीवर उभं राहणं आणि त्या खिडकीवर होणारी अडवणूक यांनी प्रामाणिक डॉक्टरही कंटाळतात आणि सुरक्षेकडे केवळ त्रास म्हणून पाहू लागतात.

याचं उत्तर निकष सोडून देण्यात नाही. ते जागेच्या धोक्यानुसार श्रेणीबद्ध करण्यात आहे. जिना रुंद होत नसेल तर खाटा कमी करा, व्हेंटिलेटरचे रुग्ण वरच्या मजल्यावर ठेवू नका, धुराची सूचना देणारं यंत्र बसवा, वायरिंग आणि भार दर वर्षी तपासा, शेजारच्या रुग्णालयाशी लेखी करार करा. दहा खाटांच्या रुग्णालयाचा आराखडा चार पानांत बसतो. सरावाला पैसा लागत नाही, वेळ लागतो.

काय बदलायला हवं

पहिलं, सरकारी आणि खासगी रुग्णालयांना एकच मोजपट्टी लावा. जिल्हा रुग्णालयाच्या वायरिंगचा आणि स्प्रिंकलरचा प्रस्ताव निधीच्या रांगेत अडकतो, तेव्हा त्या रांगेला जबाबदार अधिकाऱ्याचं नाव असू द्या. सुरक्षेची रक्कम नव्या इमारतीच्या आणि नव्या यंत्रांच्या मंजुरीतच धरा.

दुसरं, विखुरलेले दाखले एका तपासणीत आणा. आरोग्य, अग्निशमन, वीज आणि ऑक्सिजन यांचे तपासनीस वर्षातून एकदा एकत्र रुग्णालयात जाऊ शकतात. त्यांनी एकत्र फिरलं तरच एका यंत्रणेच्या अपयशाने दुसरी कशी कोलमडते हे दिसेल.

तिसरं, नोंदणीच्या नूतनीकरणाला लेखी आपत्ती आराखडा आणि प्रत्यक्ष पाहिलेला सराव जोडा. सराव रात्रपाळीत, पूर्वसूचना न देता, तपासनीसासमोर व्हावा. अतिदक्षता विभागातली एक खाट दारापलीकडे जायला किती मिनिटं लागली, जनरेटर किती सेकंदांत सुरू झाला, ऑक्सिजनची दुसरी रांग जोडली गेली का, फोनवर बोलावलेले किती जण पोचले, एवढं नोंदवलं तरी पुष्कळ कळेल.

चौथं, आराखडा गावाचा असू द्या. चिपळूणचा धोका चंद्रपूरचा नाही आणि कोयनेचा धोका कुलाब्याचा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या आपत्ती प्राधिकरणाकडे पूर, दरडी, कारखान्यांतली रसायनं, यात्रांची गर्दी यांची माहिती असते. ती प्रत्येक रुग्णालयाच्या आराखड्यात उतरली पाहिजे. कोणत्या रुग्णालयाचे रुग्ण कुठे हलवायचे, १०८ च्या रुग्णवाहिका कुठून येणार, रक्त कुठून मिळणार, हे जिल्ह्याने आधी ठरवलेलं असावं.

पाचवं, निष्कर्ष लोकांसमोर ठेवा. तपासणीचा दिनांक, सापडलेल्या त्रुटी आणि त्या दूर झाल्याची तारीख रुग्णालयाच्या दर्शनी भागात, दरपत्रकाच्या शेजारी लावली जावी. चौकशी समित्यांचे अहवालही प्रसिद्ध व्हावेत. एका रुग्णालयाच्या चुकीतून दुसऱ्याने शिकायचं असेल तर ती चूक कपाटात ठेवून भागणार नाही.

वाचकांनाही एक विनंती. घरचं माणूस दाखल कराल तेव्हा खोलीचा दर विचारतो तसं आणीबाणीत बाहेर कुठून पडायचं हेही विचारा. त्या जिन्याचं दार उघडं आहे का ते स्वतः पाहा आणि कुलूप दिसलं तर लेखी तक्रार करा. वॉर्डात आपलं सामान मार्गिकेत ठेवू नका, ऑक्सिजनजवळ चार्जर आणि शेगडी नेऊ नका. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारा की आपल्या सरकारी रुग्णालयात शेवटचा सराव कधी झाला.

आणि परवाना देणाऱ्यांसाठी कसोटी साधी असावी. रात्रपाळीच्या सिस्टरला पहिल्या तीन मिनिटांत काय करायचं हे ठाऊक नसेल आणि ते करायला लागणारी माणसं व साधनं तिच्या हाताशी नसतील, तर बाकीचे सगळे दाखले असूनही त्या रुग्णालयाची तयारी झालेली नाही. तयारी झाल्याशिवाय परवाना मिळता कामा नये. मग ते रुग्णालय खासगी असो वा सरकारी.